दत्तक, मृत्युपत्र आणि दिवाणी दावा : खानापूर तालुक्यातील घराण्याचे जुने कागद कोठे शोधावेत?

प्रश्न : मलप्रभाकाठ

नमस्कार. मी बेळगावात टिळकवाडीला राहते. आमचे मूळ गाव खानापूर तालुक्यातले असून वतने खालसा होईपर्यंत गावचे कुलकर्णीपण आणि थोडी इनाम जमीन आमच्या घराण्याकडे होती. घराण्याचा इतिहास लिहून काढावा असे मनात घेऊन मी कागद जमवते आहे, पण वंशावळ खापरपणजोबांच्या पिढीपाशी आली की दोन शाखा दोन वेगळ्या हकीकती सांगू लागतात.

खापरपणजोबांचे थोरले बंधू १८९० च्या सुमारास निपुत्रिक वारले आणि त्यांच्या पत्नीने चंदगडकडच्या नात्यातल्या एका घरातला मुलगा दत्तक घेतला, इथपर्यंत दोन्हीकडे एकमत आहे. दत्तक शाखेचे म्हणणे असे, की थोरल्यांनी मरणापूर्वी मृत्युपत्र करून मिळकत पत्नीच्या नावे केली होती आणि दत्तक घेण्याची आज्ञाही दिली होती. आमच्या घरात मात्र ‘तो कागद मागाहून केलेला, त्यावर साक्षीसुद्धा नाहीत’ असेच मी लहानपणापासून ऐकत आले. बेळगावात दावा लागला, तो मुंबईपर्यंत गेला, आणि त्यानंतर दोन्ही घरांचे सोयरसुतकही तुटले. दत्तक शाखा पुढे शहापुरात स्थिरावली. आज त्या घरातली माणसे माझ्याशी आपुलकीने बोलतात. म्हणूनच कोणाचीही बाजू न घेता कागद काय म्हणतात ते मला समजून घ्यायचे आहे.

माझ्याकडे हुकूमनाम्याची, म्हणजे न्यायालयाच्या अंतिम आदेशाची, एक नक्कल आहे, पण दाव्याचा क्रमांक असलेला कोपरा फाटला आहे आणि शेवटची पाने कसरीने खाल्ली आहेत. दुसरा एक मोडी कागद आहे. एका परिचितांनी त्यातील कालोल्लेख ‘सलास अशरीन मयातैन व अलफ’ असा वाचून दिला, बाकीचा मजकूर अजून लागलेला नाही. एका न्यायालयीन कार्यालयात चौकशी केली तेव्हा इतके जुने काही उरलेले नाही, एवढेच उत्तर मिळाले. असे मृत्युपत्र खरोखर असेल तर ते कोठे नोंदले गेले असेल, आणि दाव्याचे कागद आज कोणत्या ठिकाणी मागावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : चिकोडीचे वकील

ताई, मृत्युपत्र शोधायला निघण्यापूर्वी त्या काळी आपल्या भागात मृत्युपत्रे कोण करीत असे, ते आधी लक्षात घ्यावे. एकत्र कुटुंबातील सहहिस्सेदाराला आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने कोणालाही देता येत नसे. तो निपुत्रिक वारला की त्याचा हिस्सा उरलेल्या भाऊबंदांकडे जात असे. त्यामुळे मृत्युपत्र करणारा हा बहुधा विभक्त झालेला निपुत्रिक पुरुष, स्वकष्टार्जित मिळकत असलेला वकील किंवा व्यापारी, नाहीतर स्त्रीधन बाळगून असलेली विधवा असे. कुलकर्णी वतनाच्या जमिनीला तर १८७४ च्या वतन कायद्याचे बंधन होते. ती सरकारच्या मंजुरीशिवाय वतनदार घराण्याबाहेर कायमची देता येत नव्हती. थोरल्यांनी मृत्युपत्र केले असेल तर त्यात वतनापेक्षा घर, सावकारी आणि स्वतः घेतलेल्या जमिनी यांचाच मजकूर असण्याचा संभव अधिक आहे.

आपल्या घरात सांगतात त्या ‘साक्षी नाहीत’ या मुद्द्याविषयी मला जरा सविस्तर लिहावेसे वाटते, कारण त्यावरून त्या शाखेवर पिढ्यान्‌पिढ्या आरोप झालेला दिसतो. १८७० चा हिंदू मृत्युपत्र कायदा मुंबई इलाख्यात मुंबई शहरापुरता होता. बेळगावसारख्या मुफसल, म्हणजे मुंबई शहराबाहेरच्या, जिल्ह्यातल्या हिंदूच्या मृत्युपत्राला दोन साक्षीदारांची सक्ती आली ती १ जानेवारी १९२७ पासून केलेल्या मृत्युपत्रांना. त्याआधी साधे पत्र, सही असलेली याद, इतकेच काय तोंडी सांगणेसुद्धा पुराव्याने शाबीत झाले तर चालत असे. तेव्हा १८९० च्या कागदावर साक्षी नाहीत एवढ्यावरून तो बनावट ठरत नाही. त्याचप्रमाणे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, सापडले नाही, यावरूनही काही निष्कर्ष काढू नये, कारण मुफसल भागातील मिळकतीसाठी ते घेणे बंधनकारक नव्हते.

नोंदणीचे म्हणाल, तर १८६४ चा नोंदणी कायदा पुढच्या वर्षारंभी अमलात आला, पण मृत्युपत्राची नोंदणी तेव्हाही ऐच्छिक होती आणि आजही आहे. नोंदलेले मृत्युपत्र बुक नंबर ३ मध्ये उतरवले जाते. मोहरबंद लखोट्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवलेल्या मृत्युपत्राची नोंद बुक नंबर ५ मध्ये होते. करणारी व्यक्ती हयात नसेल तर बुक ३ मधील नोंदीची नक्कल अर्ज करणाऱ्या कोणालाही मिळू शकते, वारस असल्याचे सिद्ध करावे लागत नाही. शिवाय पतीने दत्तकाची परवानगी मृत्युपत्रात न देता वेगळ्या कागदाने दिली असेल, तर १ जानेवारी १८७२ नंतर तशा परवानगीपत्राची नोंदणी सक्तीची होती आणि तीही बुक ३ मध्येच सापडते. खानापूरचे उपनिबंधक कार्यालय आणि बेळगावचे जिल्हा निबंधक कार्यालय, दोन्हीकडे अर्ज करावा. संगणकावरील शोधात अलीकडच्याच दशकांतील दस्त दिसतात. आपल्याला हस्तलिखित सूची क्रमांक ३ पाहायची आहे, असे अर्जात स्पष्ट लिहावे.

तरीही माझा भर दाव्यावरच राहील, आणि त्याचे कारण कायद्यात आहे. मुंबई हायकोर्टाने १८६८ साली रखमाबाई विरुद्ध राधाबाई या निकालात असे ठरवले, की मराठी मुलखात विभक्त पतीच्या विधवेला दत्तक घेण्यासाठी पतीच्या परवानगीची किंवा भाऊबंदांच्या संमतीची गरज नाही. पती एकत्र कुटुंबात वारला असेल तर मात्र त्याची परवानगी किंवा भाऊबंदांची संमती लागे, अशी भूमिका येथील न्यायालयांनी पुढे दीर्घकाळ घेतली. ती बदलली १९३२ साली, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायपीठाने, भीमाबाई विरुद्ध गुरुनाथगौडा या प्रकरणात निकाल दिल्यावर. म्हणजे १८९० च्या सुमारास लागलेल्या आपल्या दाव्याचा सारा डोलारा एकाच प्रश्नावर उभा असणार : थोरले बंधू वारले तेव्हा विभक्त होते की एकत्र?

हा प्रश्न कायद्याचा असला तरी त्याचे उत्तर साक्षीदारांना घरात शिरूनच द्यावे लागे. चूल केव्हा वेगळी झाली, धान्य एका बळदात पडत होते की दोन, श्राद्ध कोण करीत असे, देवघरातले टाक कोणाकडे गेले, शेतसारा कोणाच्या नावाने भरला जाई, मुलीच्या लग्नाचा खर्च कोणाच्या वहीत पडला, हे सारे पुरोहित, शेजारी, कूळ आणि सोनार शपथेवर सांगत. ज्या घराण्याने रोजनिशी ठेवली नाही त्याचेही रोजचे जगणे अशा जबान्यांत उतरलेले मी वकिलीच्या काळात वाचले आहे. मृत्युपत्र सापडले तर त्यातून मिळकतीचे चार खंड कळतील. जबान्या सापडल्या तर माणसे कळतील.

प्रतिसाद : मोडीवाचक

आपल्या मोडी कागदातील कालोल्लेख सुहूर सनाचा आहे. सलास म्हणजे ३, अशरीन २०, मयातैन २०० आणि अलफ १०००, मिळून १२२३. सुहूर वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून त्यात जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवावेत. म्हणजे हा कागद जून १८२२ ते जून १८२३ मधला, शके १७४४ च्या आसपासचा ठरतो. मजकुरात ‘छ’ हे अक्षर आणि त्यापुढे आकडा व मुसलमानी महिन्याचे नाव असेल तर नेमकी तारीखही काढता येईल. तेवढ्या ओळीचे स्पष्ट छायाचित्र येथे द्यावे.

अर्थात या कागदाचा दत्तकाच्या तंट्याशी संबंध नाही. तो त्याच्या जवळपास सत्तर वर्षे आधीचा आहे. १८१८ साली हा मुलूख कंपनी सरकारकडे गेला, आणि स्वतंत्र बेळगाव जिल्हा १८३६ साली धारवाडपासून वेगळा काढला गेला. त्यामुळे या कागदाचा सरकारी जोडीदार शोधायचा झाल्यास धारवाड कलेक्टरीचा पत्रव्यवहार पाहावा लागेल.

इनाम जमिनीसाठी मात्र एक मोठा साठा आहे. दक्षिण मराठा मुलखात १८४३ पासून इनामांची चौकशी सुरू झाली, १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि १८६३ च्या दुसऱ्या कायद्याने ठरावीक आकार घेऊन बहुतेक इनामे कायम करण्यात आली. या चौकशीत प्रत्येक इनामदाराला सनदा हजर करून कैफियत (आपल्या हक्काची लेखी हकीकत) आणि वंशावळ द्यावी लागली. इनाम कमिशनचे दप्तर पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराबरोबर आहे. तेथे घराण्याच्या आडनावापेक्षा गाव, तरफ आणि परगणा यांच्या नावाने शोध घ्यावा.

या वंशावळी वाचताना सावध राहावे, असे मी कळकळीने सांगतो. इनाम चौकशीत इनामदाराला अखंड औरस परंपरा दाखवण्यात लाभ होता, कारण दत्तकाला सरकारची मान्यता मिळेलच याची खात्री नसे; आपल्याच जिल्ह्यात कित्तूरच्या देसाईंच्या पश्चात घेतलेला दत्तक १८२४ साली कंपनी सरकारने नाकारला आणि त्यातून राणी चन्नम्मांचा उठाव झाला. त्यामुळे इनामाच्या कैफियतीत जो ‘पुत्र’ म्हणून येतो तोच दिवाणी दाव्यात ‘दत्तपुत्र’ म्हणून सापडू शकतो. दाव्यातली वंशावळही वादीच्या सोयीची असते. हिस्सा मागणारा माणूस विस्मृतीत गेलेली शाखा आठवणीने लिहितो आणि नको असलेली शाखा गाळतो. दोन परस्परविरोधी पक्षांनी जे नाकारलेले नाही तेवढे पक्के धरावे. जबानीच्या शिरोभागी साक्षीदाराचे नाव, बापाचे नाव, वय, जात, धंदा आणि राहण्याचे गाव असते. त्यातले गाव व धंदा सहसा विश्वसनीय असतात, वय मात्र अदमासे लिहिलेले असते.

प्रतिसाद : शहापूरकर

एक महत्त्वाची गोष्ट वर आलेली नाही. शहापूर आज बेळगाव शहराचा भाग असले तरी मार्च १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत ते सांगली संस्थानात होते. बेळगावच्या ब्रिटिश न्यायालयाचा अधिकार रस्ता ओलांडला की संपत असे. दत्तक शाखेने शहापुरात घर घेतले असेल तर त्या घराचे खरेदीखत, त्यावरचा तंटा आणि तेथील वारसाची नोंद बेळगावच्या दप्तरात नसून सांगली संस्थानच्या दप्तरातली असेल. रायबागचे कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी हीच गोष्ट कोल्हापूर संस्थानच्या बाबतीत लागू आहे.

उलट चंदगड १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होते आणि राज्यपुनर्रचनेत कोल्हापूर जिल्ह्याला जोडले गेले. दत्तकाच्या जनक घराण्याचे जुने कागद त्यामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले असू शकतात. जुन्या कागदांत संपगाव आणि परसगड ही तालुक्यांची नावे आढळली तर हल्लीचे अनुक्रमे बैलहोंगल आणि सौंदत्ती समजावेत.

मलप्रभाकाठ

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. साक्षींविषयीचा खुलासा मी शहापूरच्या घरी वाचून दाखवला आणि तो ऐकताना त्या घरातल्या वडीलधाऱ्या काकूंना फार समाधान वाटले.

वरील माहिती वाचून हुकूमनामा पुन्हा बारकाईने पाहिला. प्रतिवादींमध्ये पहिले नाव त्या विधवा आजींचे आहे. ‘कोम’ लिहून पुढे पतीचे नाव दिले आहे. त्यांचे माहेर कोठले, हे आम्हां दोन्ही शाखांपैकी कोणालाही सांगता येत नाही. लग्नात नाव बदललेले, माहेरचे आडनाव कोठेच नाही. इतका मोठा तंटा ज्यांच्या निर्णयावरून झाला त्या बाईंविषयी आम्हांला सासरच्या नावापलीकडे काहीच ठाऊक नसावे, याचे मला फार वाईट वाटते. अशा स्त्रीचा माग काढण्याचा काही मार्ग आहे का?

प्रतिसाद : घटप्रभा

मार्ग आहे. मी गोकाक भागातील विधवांच्या अन्नवस्त्राच्या, म्हणजे पोटगीच्या, दाव्यांचा अभ्यास करते, त्या अनुभवावरून सांगते.

मिळकतीच्या खात्यावर आणि वतनाच्या रजिस्टरात स्त्री बहुतेक वेळा कोणाची तरी पत्नी म्हणून येते. १८८६ च्या पाचव्या कायद्याने तर वतनाच्या वारसाहक्कात शेवटच्या धारकाची विधवा सोडून बाकी स्त्रियांना पुरुष वारसांच्या मागे टाकले. पण दाव्यात तिला स्वतः बोलावे लागते. घरंदाज स्त्रियांना कचेरीत हजर राहण्यापासून सूट असे, तेव्हा कमिशनर घरी जाऊन जबानी घेई. अशा जबानीत माझा बाप अमुक गावचा, लग्नात मला अमुक दागिने घातले, नवरा वारल्यावर भाऊ मला न्यायला आला, असे तपशील सहज येऊन जातात. मी पाहिलेल्या एका जबानीत पाटल्या, वाकी, ठुशी आणि नथ यांचे वजन तोळ्यांत दिले होते आणि प्रत्येक डागापुढे तो माहेरचा की सासरचा हेही लिहिले होते, कारण माहेरचा डाग स्त्रीधन ठरत असे. खाली तिच्या हाताची निशाणी आणि ती ओळखणारा म्हणून तिच्या सख्ख्या भावाची सही होती. भावाच्या सहीवरून मला माहेरचे आडनाव आणि गाव मिळाले.

आपल्या आजींनी दत्तक घेण्यापूर्वी दिरावर अन्नवस्त्राचा दावा लावला होता का, हेही पाहावे. तसा दावा असेल तर त्या वेळी त्यांनी कुटुंब एकत्र असल्याचे मान्य केले होते की नाही, हे त्यातून कळेल, आणि पुढच्या दत्तकाच्या दाव्यात विरुद्ध पक्षाने तोच कागद त्यांच्यासमोर ठेवला असण्याचा बराच संभव आहे.

प्रतिसाद : चिकोडीचे वकील

घटप्रभा यांनी फार उपयुक्त गोष्ट सांगितली. आता अर्ज कसा करावा, एवढेच लिहितो.

‘जुने कागद’ मागितले की नकार मिळतो, म्हणून आधी फाइल न मागता दिवाणी दाव्यांचे रजिस्टर पाहण्याची परवानगी मागावी. १९१७ च्या अभिलेख नाश कायद्याखालील नियमांनुसार मुदत संपलेले पुष्कळ कागद काढून टाकले जातात, पण रजिस्टरे आणि स्थावर मिळकतीचे हुकूमनामे अधिक काळ राखले जातात. वर्षे अंदाजाने ठरवता येतात. १८७७ च्या मुदतीच्या कायद्यानुसार दत्तक झालाच नाही किंवा तो बेकायदा आहे असे ठरवून मागण्याचा दावा, दत्तकाची माहिती झाल्यापासून सहा वर्षांत लावावा लागे. विधवेच्या पश्चात मिळकतीचा ताबा मागणाऱ्या वारसाला तिच्या मृत्यूपासून बारा वर्षे मिळत. आपल्या हुकूमनाम्यात आजी स्वतः प्रतिवादी आहेत, म्हणजे त्या हयात असताना दावा झाला. दत्तकाच्या वर्षापासून पुढची सहा वर्षे आधी पाहावीत.

मग अपिलाकडे वळावे. प्रथम वर्ग दुय्यम न्यायाधीशापुढील दावा पाच हजार रुपयांहून अधिक रकमेचा असेल तर पहिले अपील थेट मुंबई हायकोर्टात जाई. त्याहून कमी रकमेचा असेल तर ते बेळगावच्या जिल्हा न्यायालयात आणि तेथून कायद्याच्या मुद्द्यापुरते दुसरे अपील मुंबईस जाई. थेट अपील असल्यास जबान्या व निशाण्यांची (पुराव्यादाखल हजर केलेल्या कागदांची) इंग्रजी भाषांतरे त्या दप्तरात असण्याची शक्यता अधिक, म्हणून हुकूमनाम्यात दाव्याची किंमत कोठे दिली आहे का ते पाहावे. निकाल महत्त्वाचा ठरला असेल तर १८७६ पासून निघणाऱ्या इंडियन लॉ रिपोर्ट्‌सच्या मुंबई मालिकेत तो छापलेला असेल. प्रत्येक खंडाच्या आरंभी पक्षकारांच्या नावांची सूची असते. आपला जिल्हा १९५६ साली म्हैसूर राज्यात गेला तरी त्याआधीची हायकोर्टातील अपिले मुंबईचीच, त्यामुळे ती बंगळुरात शोधू नयेत. इनामाचा अंश वादात असेल तर १८७१ च्या पेन्शन कायद्याखाली कलेक्टरचा दाखला जोडावा लागे, आणि त्या दाखल्याची स्वतंत्र फाइल महसुली दप्तरात उघडली जाई. दिवाणी फाइल नष्ट झालेली असली तरी ही दुसरी वाट मोकळी राहते.

हुकूमनामा कोणाच्याही बाजूने झालेला असो, दरखास्तीचे, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या अर्जांचे, रजिस्टर पाहिल्याशिवाय शेवट झाला असे समजू नये. अशा तंट्यांत अपील चालू असताना किंवा दरखास्तीच्या वेळी पुष्कळदा दोन्ही पक्ष पुरसीस, म्हणजे न्यायालयाला लेखी निवेदन, देऊन तडजोड करीत, आणि गावची जमीन एकाकडे व घर दुसऱ्याकडे अशी वाटणी त्या पुरसीशीतच लिहिलेली असे. शहापूरचे घर घेण्यासाठी त्या शाखेकडे पैसा कोठून आला, या प्रश्नाचे उत्तरही कदाचित तेथेच मिळेल.